वॉर्निशवरच्या रेघा

बाकोसच्या बाजारामागे, ट्रामच्या रुळांकडून आत वळणाऱ्या गल्लीत वगदीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक गाडी आत शिरली की माणसानं अंग चोरूनच चालावं एवढी जागा. पण अलेक्झांड्रियाच्या त्या भागात कुणाच्या गाडीवर ओरखडा उठला की लोक सांगत, "वगदीकडे ने. रंग मारायच्या भानगडीत पडू नकोस." वगदी रंग मारत नसे, पत्रा ठोकत नसे. तो फक्त ओरखडे काढी, आणि तेही असे की खालच्या रंगाला पत्ता लागू नये.

गाडीच्या रंगावर वॉर्निशचा एक पारदर्शक थर असतो. चमक सगळी त्याची, रंग नुसता त्याच्या आड बसलेला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ थर. ओरखडा घालवायचा म्हणजे तो भरून काढायचा नसतो, आजूबाजूचं वॉर्निश घासून त्याच्या तळापर्यंत उतरवायचं असतं. म्हणजे दर खेपेला थोडं वॉर्निश जातंच, आणि गेलेलं परत येत नाही. म्हणून वगदी आधी गाडी स्वच्छ धुऊन घेई. मग ओरखड्यावरून नख फिरवी. नख अडलं तर तोंडावर सांगे, "हे माझ्या हातचं नाही." नख घसरलं तर कडांना कागदी पट्टी चिकटवी, सगळ्यात मऊ पॉलिश एका कोपऱ्यात लावून बघी, आणि मशीन एका जागी क्षणभरही ठरू देत नसे. "तव्यावर भाकरी विसरलात तर काय होतं?" तो गिऱ्हाइकांना विचारी. "तसंच."

दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर तो आणि त्याची आई राहत. बाप जाऊन बरीच वर्षं झालेली, बहीण दमनहूरला दिलेली, आणि वगदीचं स्वतःचं लग्न जमता जमता राहिलेलं. हजला जाऊन आलेली म्हणून आईला गल्ली हाग्गा नगिय्या म्हणे. गुडघा धरलेला, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, पण रोज सकाळी बेकरीच्या रांगेत स्वतः उभी राहणार. दुसऱ्यानं आणलेली भाकरी तिला शिळी लागे.

त्या हिवाळ्यात काम बसलं होतं. पाऊस, वारा, समुद्रावरून येणारं खारं धुकं; अशात गाडी चमकवून कोण आणतो? वगदी दुकानापुढे खुर्ची टाकून चहा पीत बसे आणि धुतलेली कापडं पुन्हा धुवी. आणि मग एक दिवस डॉक्टर नेव्हीन आपली काळी गाडी घेऊन आली. गल्लीच्या मध्यावर तिचं औषधांचं दुकान होतं, त्यावरूनच सगळे तिला डॉक्टर म्हणत, आणि गाडी दिवसभर भिंतीला लागून उभी असे. भिंत आणि गाडी यांच्यात जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट.

"उस्ता, हे बघा. मांजर चढलं असेल का?"

वगदी वाकला. उजव्या बाजूच्या दोन्ही दारांवर, मुठीच्या खाली, तीन बारीक रेघा शेजारी शेजारी गेलेल्या. मधूनमधून जराशा खाली बसलेल्या, पुन्हा वर आलेल्या.

"डॉक्टर, मांजर दारावर चालत नाही. टपावर झोपतं."

"मग?"

"काहीतरी घासून गेलंय. नख अडत नाही, निघेल."

निघालंही. दुपार कलायच्या आत दारं अशी झाली की नेव्हीननं त्यात बघून केस सारखे केले. मग कहवाखान्याचा मालक फरहात, ज्याला सगळे मान देऊन मुअल्लिम म्हणत, आपली पांढरी गाडी घेऊन आला. मग त्याचा मेहुणा. मग कोपऱ्यावरचा शिंपी. सगळ्यांना त्याच रेघा, त्याच उंचीवर, भिंतीकडच्याच बाजूला. वगदीचं दुकान पुन्हा गजबजलं. कहवाखान्यात थट्टा सुरू झाली. "वगदी, खरं सांग, रात्री खिळा घेऊन तूच फिरतोस ना?" फरहात म्हणाला, आणि सगळ्यांबरोबर वगदीही हसला. तेव्हा तो खरोखर निर्दोष होता आणि त्याला हसू आलं होतं.

एका सकाळी तो दुकानापुढच्या नळावर कापडं पिळत होता. आई बेकरीकडून येत होती. डावा हात भिंतीला, उजव्या कमरेवर तारेची जाळी, जाळीवर गरम भाकऱ्या पसरलेल्या. एकावर एक रचल्या तर वाफेनं ओल्या होतात म्हणून सगळी गल्ली भाकऱ्या अशाच आणते. उभ्या गाड्या आणि भिंत यांच्यामधून ती एक पाय टेकत, एक ओढत येत होती. नेव्हीनच्या गाडीपाशी आली तेव्हा वगदीला बारीक आवाज ऐकू आला. पाटीवर पेन्सिल ओढावी तसा. दर पावलाला गुडघा खचे, जाळी जराशी खाली जाई, आणि पुन्हा वर येई.

तो हातात ओलं कापड धरून उभा राहिला. पाणी बाहीत शिरलं तरी त्याला कळलं नाही.

"कोण, वगदी का?" आईनं अगदी जवळ आल्यावर डोळे बारीक केले. "गार होईल बघ. वर ये."

तो वर गेला. जेवता जेवता त्यानं जाळी पाहिली. कडेची जोडणी सुटून तारांची तीन टोकं बाहेर आली होती. एका टोकावर पांढऱ्या रंगाची धूळ होती, फरहातच्या गाडीची.

तेव्हाच सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. गल्ली हसली असती, आई लाजून दोन दिवस बाहेर पडली नसती, आणि नेव्हीननं उलट तिच्या डोळ्यांसाठी थेंब पाठवले असते. पण वगदीनं मनाशी म्हटलं, सावकाश सांगू. म्हातारी मानी आहे, चारचौघांत तिचं नाव निघायला नको. हे अगदी खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्याला तेव्हाही माहीत होती. खाली शिंप्याची गाडी उभी होती, तिच्यामागे आणखी एक यायची होती.

संध्याकाळी तो म्हणाला, "आई, उद्यापासून भाकरी मी आणतो."

"का? मी मेले का?"

"तसं नाही गं. गुडघा दुखतो तुझा."

"गुडघा माझा आहे. तू तुझं दुकान बघ."

ती नाही म्हणाली याचं वगदीला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं. खरं तर आईला काही विचारायचीही गरज नव्हती. दुकानात खिळ्याला पक्कड टांगलेली होती. जाळी खाली नेऊन तीन टोकं आत वळवायची, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी करू, असं म्हणत त्यानं ते किती दिवस लांबवलं ते त्याचं त्याला माहीत. रोज तो पक्कड पाही आणि रोज मशीन हातात घेई.

गल्लीत भंगार घेणारा शहाता येई. वयानं काकासारखा, म्हणून लहानथोर सगळे त्याला अम्म शहाता म्हणत. दोन चाकांची लाकडी हातगाडी, तीवर मोडके पंखे, पत्रे, सळया, जुने नळ. "बीक्याऽऽ", म्हणजे जुनंपानं द्या, अशी त्याची हाक ऐकली की बाया खिडकीतून टोपली सोडत. वगदीचे रिकामे डबे तोच नेई. वगदीच्या बापाचं दुकान होतं तेव्हापासून नेत होता. डबे घेताना तो दरवेळी झाकण उघडून वास घेई आणि म्हणे, "तुझ्या बापाच्या वेळी ह्यांना रॉकेलचा वास यायचा. आता काय, फळांचा."

गाडीवर सळया, गल्ली अरुंद, आणि माणूस बाहेरचा. शंका त्याच्यावर जायला आणखी काय लागतं?

त्या दिवशी फरहातच्या गाडीवर दुसऱ्यांदा रेघा उठल्या होत्या. शहाता गल्लीत शिरला तसा फरहात कहवाखान्यातून बाहेर आला आणि त्यानं हातगाडीचा दांडा धरला.

"थांब. जरा इकडे ये. हे तुझं काम ना?"

"कसलं काम, मुअल्लिम?"

"माझी गाडी. मेहुण्याची गाडी. डॉक्टरची गाडी. रोज तुझं लोखंड घासून जातंय आणि तू बीक्या बीक्या करत निघून जातोस."

"देवाशपथ नाही. मी मधून जातो, मुअल्लिम. कडेनं माझी गाडी मावतच नाही."

हे खरं होतं. हातगाडी त्या फटीत शिरणं शक्यच नव्हतं, पण तेवढा विचार करायला तिथं कुणी उभं नव्हतं. माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "वगदीला बोलवा. त्याला ओरखडा वाचता येतो."

वगदी हात पुसत आला. फरहातनं हातगाडीतून बाहेर आलेली एक सळई हलवून दाखवली. "उस्ता, तू सांग. तुझ्यापेक्षा जास्त कुणाला कळतं? हे ह्याच लोखंडाचं आहे की नाही?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. शहाताही बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव होता. आता हा आपल्या ओळखीचा माणूस सांगेल आणि भानगड मिटेल, असा. वगदीनं वाकून फरहातच्या दारावर बोट फिरवलं. त्याला वाकायची गरज नव्हती. मान खाली घालायला त्याला काहीतरी हवं होतं.

"असू शकतं," तो म्हणाला.

बस्स, एवढंच. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. फरहातचा हात उठला आणि शहाताच्या कानाखाली बसला. म्हातारा भेलकांडला, दांडा सुटला, हातगाडी मागे कलंडून सगळं भंगार गल्लीभर पसरलं. "पुन्हा ह्या गल्लीत दिसलास तर चाकं काढून घेईन," फरहात म्हणाला. कुणी हसलं नाही. कुणी आडवंही आलं नाही. नेव्हीनच्या दुकानाची काच आतून ओढली गेली.

शहाता खाली बसून एकेक नळ गोळा करू लागला. एक नळ घरंगळत वगदीच्या पायाशी आला होता. वगदीनं तो उचलून दिला. शहातानं तो घेतला आणि सवयीनं म्हणाला, "देव बरं करो." शहाता शिव्या देता तर वगदीला इतकं लागलं नसतं.

त्या संध्याकाळी वगदीनं पक्कड वर नेली. आई नमाजाला बसली होती. त्यानं तिन्ही टोकं आत वळवली, वरून टेप गुंडाळली आणि जाळी होती तिथं ठेवली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत एकाही गाडीला ओरखडा आला नाही.

आणि त्यामुळे शहातावरचा आरोप पक्का झाला. "बघा," फरहात चहाच्या पेल्यांवरून सांगू लागला, "माणूस गेला, ओरखडे गेले. आणखी काय पुरावा पाहिजे?" लोक माना हलवत. वगदीची तारीफ होई. "उस्तानं एका नजरेत ओळखलं." त्याच्यापुढे चहा येई. तो पिई. तो चहा न पिण्याचं कारण कुणाला काय सांगणार? घशाखाली उतरताना तो कोमट आणि चिकट लागे. मग त्यानं कहवाखान्यात जाणंच कमी केलं. रिकामे डबे दुकानात साठत गेले. दुसरा भंगारवाला येऊन गेला, त्याला वगदीनं देऊन टाकता आले असते, पण दिले नाहीत. का ते त्याला सांगता आलं नसतं.

एकदा आई जेवताना म्हणाली, "शहाता बऱ्याच दिवसांत दिसला नाही. आजारी असेल का रे?"

"माझ्या काही कानावर नाही."

"चौकशी कर. एकटा जीव आहे."

"करतो," वगदी म्हणाला आणि ताटातली मुलुखियाची पातळ पालेभाजी भाकरीनं टिपत राहिला.

जाळी जुनी होती. वळवलेली टोकं राहिली, पण एका थंडीच्या सकाळी दुसरी जोडणी निखळली. वगदीला तापानं धरलं होतं, तो अंथरुणात होता. दुपारी तो खाली उतरला तर नेव्हीनची काळी गाडी दुकानापुढे, आणि तिच्या दारावर एक रेघ. एकच, पण मागच्यापेक्षा खोल.

फरहात आधीच तिथं पोचला होता. "तो रात्री येतोय," तो म्हणाला. "सूड काढतोय हरामखोर. आता पोलिसात जायचं. डॉक्टर, तुम्ही तक्रार द्या, मी साक्ष देतो. उस्ताही देईल. देशील ना रे?"

"आधी गाडी बघू दे," वगदी म्हणाला.

गाडी आत घेऊन त्यानं शटर अर्ध्यावर ओढलं. रेघेवरून नख फिरवलं. नख अडलं. अगदी थोडं, पण अडलं. आणि ही रेघ दाराच्या मधल्या धारेवरून गेली होती. पत्रा तिथं वळतो, वॉर्निश तिथं मुळातच पातळ असतं. याच दारावर त्यानं आधी दोनदा मशीन फिरवलं होतं. तिथं आता फारसं काही उरलं नव्हतं हे सांगायला त्याला यंत्र नको होतं. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर त्यानं हात वर केले असते. पण आज नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. दाराचा रंग पुन्हा मारायचा म्हणजे खर्च, खर्च म्हणजे तक्रार, तक्रार म्हणजे पोलीस आणि शहाता. रेघ जर आत्ता, इथंच, नाहीशी झाली तर? नेव्हीन खूश होईल, फरहातचा राग ओसरेल, आणि आपण आजच आईला नवी जाळी आणू. सगळं पुन्हा जागच्या जागी.

अंगात ताप होता. त्यानं मऊ पॉलिश लावून बघितलं, रेघ तशीच. मग जरा जास्त चावणारं. मग त्यानं ते केलं जे तो शिकाऊ पोरांना कधी करू देत नसे. धारेवरची कागदी पट्टी काढली आणि मशीन तिथंच धरलं. नजर रेघेवर होती. पत्रा तापल्याचा वास आला तेव्हा त्यानं हात उचलला.

मशीनचं पॅड त्यानं उलटं करून पाहिलं. पांढऱ्या फोमवर काळा डाग होता. वॉर्निश निघतं तेव्हा फोम पांढराच राहतो. काळा येतो तो खालचा रंग.

दाराच्या धारेवर नाण्याएवढी जागा मेली होती. चमक नाही, प्रतिबिंब नाही, नुसता कोळशासारखा उघडा रंग. आणि त्याच्या मधोमध रेघ अजून होतीच.

त्याच्याकडे मेण होतं. काळं, तेलकट मेण. असा डाग चार-सहा आठवडे सहज लपवणारं. फळीवरचा तो डबा त्यानं काढला, झाकण उघडलं, आणि बोट आत घातलं. तेव्हा शटरखालून नेव्हीनचा पांढरा कोट दिसला. ती वाकून आत आली.

"उस्ता, तक्रार लिहून देऊ म्हणताहेत. मला ते बरोबर वाटेना. आधी तुम्हाला विचारावं म्हटलं. तुम्ही नक्की सांगू शकता का, की..." तिची नजर दारावर गेली. "हे काय झालं?"

वगदीच्या बोटावर मेण तसंच होतं. त्यानं ते पँटला पुसलं.

"जाळलं मी, डॉक्टर. वॉर्निश उडालं."

"तुमच्या हातून?"

"माझ्या हातून. आणि ती रेघ शहाताची नाही. कुठलीच त्याची नव्हती. माझ्या आईच्या भाकरीच्या जाळीची आहे. तिला माहीत नाही. मला पहिल्यापासून माहीत होतं."

तो सगळं बोलून गेला. पक्कड, साठलेलं काम, 'असू शकतं'. बोलताना तो दाराकडे बघत होता. नेव्हीन रागावेल म्हणून तो वाट बघत होता, रागावली असती तर त्याला काहीतरी करता आलं असतं.

"मी त्या दिवशी आत होते," ती शेवटी म्हणाली. "आवाज ऐकला, काच ओढून घेतली. मला वाटलं, माझ्या गाडीपायी चाललंय, मी कशाला मध्ये पडू." तिनं कोटाचं बटण लावलं, काढलं. "पण मला माहीत नव्हतं, उस्ता. तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"दाराचं बघू नंतर. आधी त्याला शोधा."

आईला सांगणं त्याहून अवघड गेलं. ती भाजी निवडत होती. त्यानं जाळी समोर ठेवली आणि सुटलेली तार दाखवली. तिला ती दिसेना, तेव्हा त्यानं तिचं बोट धरून टोकावर ठेवलं. ती ऐकत राहिली. शहाताच्या कानाखाली मारल्याचं आलं तेव्हा तिचा हात थांबला.

"माझ्यापायी मार खाल्ला त्यानं?"

"तुझ्यापायी नाही गं. मी तुझं नाव झाकायला..."

"माझं नाव?" ती म्हणाली. "मी आंधळी म्हातारी, गाड्यांना घासत चालते. कुणी काय केलं असतं? हसले असते. मी पण हसले असते. तू मला झाकलं नाहीस, वगदी. तू माझ्या पदराआड लपलास. एवढा घोडा झालास आणि पदराआड लपलास."

तो उभा राहिला. तिनं भाजीचं ताट बाजूला सारलं आणि भिंतीला धरून उठली.

"माझी चादर दे. आणि पायात काहीतरी घाल. जायचं आहे."

शहाता हद्रा भागात रद्दीच्या एका गोदामात सापडला. बाजारातल्या भंगारवाल्यांना विचारत विचारत ते तिथं पोचले तेव्हा तो पुठ्ठ्यांच्या ढिगात बसून दोरीनं गठ्ठे बांधत होता. हाग्गा नगिय्याला बघून तो उठला, एक पिंप उलटं करून त्यावर आपला शेला टाकला. "बस, हाग्गा. एवढी लांब कशाला आलीस?"

"मी केलंय ते, शहाता," ती बसायच्या आधीच म्हणाली. "माझ्या जाळीनं. मला माफ कर."

"तू काय केलंस? तुला दिसत नाही." मग तो वगदीकडे वळला. वगदीनं बोलायला सुरुवात केली, पण पाठ केलेली वाक्यं एकामागून एक अडली. चुकलो, एवढं कसंबसं बाहेर पडलं.

शहातानं दोरीची गाठ मारली, दातानं तोडली. "घरी गेल्यावर मी माझी गाडी सगळी चाचपली," तो म्हणाला. "सळया काढल्या. पत्र्यांना चिंध्या गुंडाळल्या. मला वाटलं, हा वगदी म्हणतोय, ह्याला कळतं. म्हणजे माझ्याकडून झालंही असेल. मला ऐकूही कमी येतं आता. रात्रभर आठवत बसलो, कुठं घासली असेल, कुठं घासली असेल. फरहातचं काय, तो मारतोच. पण तू म्हणालास असू शकतं, तेव्हा मला पण वाटलं, असू शकतं."

"परत ये, अम्म शहाता," वगदी म्हणाला. "मी सगळं..."

"मला सांगून काय उपयोग? माझं मला कळलं आता. जिथं बोललास तिथं बोल."

दुसऱ्या दिवशी दुपारी वगदी कहवाखान्यात गेला. आई म्हणाली होती, मी येते. तो नको म्हणाला. तेवढी तरी लाज ठेव, असं तो कुणाला म्हणत होता ते त्यालाच कळलं नाही. आत सोंगट्यांचा खडखडाट चालला होता. तो फरहातच्या गल्ल्यापुढे उभा राहिला आणि ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की रेघा आईच्या जाळीच्या आहेत, मला आधीपासून ठाऊक होतं, आणि मी मुद्दाम बोललो नाही कारण मला काम मिळत होतं.

सोंगट्या थांबल्या. शिंपी पहिल्यांदा हसला, विनोद समजून. मग थांबला.

"म्हणजे," फरहात हळूच म्हणाला, "मी त्या म्हाताऱ्याला उगाच मारलं?"

"हो."

"तू तिथं उभा होतास."

"हो."

फरहातचा चेहरा लाल झाला. वगदीला वाटलं, आता हा आपल्यावर हात टाकेल, आणि त्याची तयारी होती. पण फरहातनं नुसतं गल्ल्यावरचं फडकं उचललं आणि जागा पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. "जा," तो म्हणाला. "आत्ता माझ्यासमोरून जा."

पुढे जे झालं ते असं. नेव्हीनचं दार रंगाऱ्याकडे गेलं, वगदीनं ते पदरच्या पैशांनी करून दिलं. तिनं घेतलं, आभारही मानले, पण गाडी आता ती औषधांच्या दुकानापाशी लावत नाही, ट्रामच्या बाजूला लावते. शिंपी आणि फरहातचा मेहुणा दुसरीकडे जाऊ लागले. दुकान अगदी बंद पडलं असं नाही, लांबची गिऱ्हाइकं येत राहिली. हाग्गा नगिय्या नव्या जाळीवर भाकऱ्या आणते आणि वाटेत भेटेल त्याला स्वतःच सांगते, "सरक बाबा, मी गाड्या ओरबाडणारी." लोक हसतात. वगदीशी ती बोलते, पण त्याला भाकरी वाढताना पूर्वी 'गरम आहे' म्हणायची, ते आता म्हणत नाही.

फरहात हद्र्याला जाऊन आला, असं ऐकलं. काय बोलला ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

वसंतात, वाळूचं वादळ येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्या गाड्या पिवळ्या धुळीनं माखलेल्या असताना, "बीक्याऽऽ" अशी हाक आली. बाया खिडक्यांत आल्या. नगिय्यानं वरून टोपली सोडली, तीत जुनी किटली आणि काही खायचं बांधलेलं होतं. कहवाखान्यातून कुणीतरी चहा आणून दिला. शहातानं उभ्या उभ्या पिऊन पेला परत केला.

वगदी साठलेले डबे हातात घेऊन दुकानाच्या दारात आला. शहाता गल्लीच्या मधोमध चालत होता, दोन्हीकडे ऐसपैस जागा होती. तरीही एका हातानं दांडा ओढताना त्याचा दुसरा हात हातगाडीच्या कडेवर होता, बाहेरच्या बाजूनं. प्रत्येक उभ्या गाडीपाशी तो हात पुढे सरके आणि पंजा पसरून लाकूड झाकून घेई. गाडी मागे पडली की सैल होई. पुढची आली की पुन्हा.

"अम्म शहाता," वगदी म्हणाला, "डबे आहेत."

शहाता थांबला. त्यानं डबे घेतले, एकेक करून हातगाडीवर नीट लावले. झाकण उघडून बघितलं नाही. मग कडेवर हात ठेवून तो पुढच्या गाडीकडे निघाला.